कमलअक्काचे पिसांचे बाण

बीदरकडे जाऊन आलो म्हटलं की मिरजेतली माणसं दोनच गोष्टी विचारतात. किल्ला बघितला का, आणि बिदरीच्या नक्षीकामाचं काय आणलं. मी किल्ला रस्त्यावरून बघितला आणि येताना कागदाच्या पुडीत कबुतराची पावडर आणली. हे सांगितल्यावर माणसं विषय बदलतात. म्हणून ठरवलं, सगळं बैजवार लिहूनच काढावं. ज्याला वाचायचं तो वाचेल.

माझं मिरजेत चष्म्यांचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे नंबर काढल्यामुळे आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा माझा समज झालाय, असं बायको म्हणते. दुकानातून सुटलो की मी धनुष्यबाणाच्या मागे असतो. चाकं आणि दुर्बिणी लावलेली यंत्रं नव्हेत. साधं बांबूचं धनुष्य, लाकडी दांडीचे बाण आणि शेपटाला खरी पिसं. बाण सुटला की ही तीन पिसं हवा धरतात आणि शेपूट सरळ ठेवतात. पिसं भिजून दांडीला चिकटली, की बाण दारू प्यायल्यासारखा जातो. प्लॅस्टिकची पाती लावली तर भिजायची भीती नाही. पण साध्या धनुष्यात बाण मुठीवर टेकवून मारतात. तिथे पीस दबतं आणि गुमान पुढे सरकतं; प्लॅस्टिक मुठीवर आपटतं आणि बाणाला भलतीकडे उडवतं. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

राजेश्वरच्या कमलअक्काची आणि माझी ओळख अशाच एका मेळाव्यातली. बसवकल्याण तालुक्यातलं हे मोठं गाव. अक्का तिथे आरोग्य खात्याची आशाताई म्हणून काम करते, वय पन्नास, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पण तिकडे सगळेच तिला अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणतो. बाण स्वतः बनवते आणि गावातल्या नऊ बायका-पोरींना बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत मारायला शिकवते. गेल्या वर्षी तिनं मला फोन करून विचारलं होतं की कडगंचीचा मेळावा ऐन पावसात आहे, पिसं भिजू नयेत म्हणून काय करू. मी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, एकही उलटा प्रश्न न विचारता, व्हॅसलीन चोळा म्हणून सांगितलं. ती बिचारी चोळून गेली. पिसं दांडीला अशी बसली की उठलीच नाहीत, आणि तिचा दुसराच बाण लक्ष्य सोडून चहावाल्याच्या छत्रीत घुसला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण मेळावा भरवणाऱ्या मंडळींनी तिथल्या तिथे ठरवलं की पिसांचे बाण बंद. अक्कानं हुज्जत घातली तेव्हा एवढी सवलत मिळाली की पुढच्या मेळाव्यात ओल्यात सरळ मारून दाखवा, मग बघू. नाही जमलं तर कायमचं बंद, आणि अक्काबरोबर तिच्या नऊ जणीही घरी.

हे मला तिनं सांगितलं नाही. तिच्या नवऱ्यानं, अशोकरावांनी, सहा महिन्यांनी बोलता बोलता सांगितलं. तेव्हाच मी ठरवलं की या श्रावणात स्वतः जायचं आणि बिघडवलेलं निस्तरायचं.

राजेश्वर, गुरुवार

प्रवासाचं काय सांगायचं, सोलापूरपर्यंत झोपलो आणि पुढे जागा मिळाली नाही. हमरस्त्यावर उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि अशोकराव टेंपो घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना तूर गुडघ्याएवढी, तिच्या मधून उडीद, आणि काळी माती अशी की खाली पाय ठेवला की चपलेचं वजन दुप्पट. आमच्याकडे उसानं नजर अडते, इथे ती जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जाते. चष्मेवाल्याला आवडावा असा मुलूख आहे.

घर म्हणजे तीन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि सगळीकडे अशी स्वच्छता की मी चिखलाच्या चपला दारात न काढता थेट अंगणाबाहेर काढल्या. जेवायला कडक भाकरी होती. ही आमच्या भाकरीची बहीण असली तरी स्वभावानं वेगळी. पापडासारखी मोडते आणि आठ-आठ दिवस टिकते. बरोबर अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीचं घट्ट वरण. मी मोडताना तुकडे उडवले, ते अक्कानं माझ्या देखत वेचले.

जेवण झाल्यावर तिनं बाण दाखवले. मी तीस वर्षांत इतके देखणे बाण बघितलेले नाहीत. पांढऱ्या टर्कीची पिसं, शुभ्र, कडा एकसारख्या कापलेल्या, वर निळसर झाक. मी मनापासून वाहवा केली. मग मी माझ्या पिशवीतून बाटली काढली. परदेशातून मागवलेला फवारा, पिसांसाठीच बनवलेला, पाणी टिकूच देत नाही अशी ख्याती. ती बाटली मी पाटावर मधोमध ठेवली, देव मांडावा तशी.

परसात पोती भरून केलेलं लक्ष्य होतं. तीन बाणांना फवारा मारला, वाळू दिला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि अक्काला म्हटलं, मारा निर्धास्त. पहिला बाण अर्ध्या वाटेत शेपूट हलवायला लागला आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसला. दुसरा पोत्याच्या वरून गेला. तिसऱ्याची पिसं सोडण्याआधीच ओल्या कापसासारखी लोळागोळा झाली होती. मी पुन्हा फवारा मारला, पुन्हा पाणी ओतलं. पाणी थेंब होऊन घसरायच्या ऐवजी पिसात पसरतच चाललं होतं. मी बाटलीवरचा मजकूर चष्मा वर-खाली करून तीनदा वाचला. अशोकराव मोठ्या सज्जनपणे गंजीतला बाण शोधायला निघून गेले.

अक्का धनुष्याची दोरी उतरवत म्हणाली, "दादा, खरं सांगा. माझा हातच बिघडलाय का? तिकडं लोकं तेच म्हणायलेत. वय झालं म्हणायलेत."

हात बिघडलेला नव्हता. कोरडा बाण दिला तर ती पंचवीस मीटरवर पेरूएवढ्या जागेत तीन बाण बसवत होती. मी तसं सांगितलं आणि ठामपणे सांगितलं. पण मग पिसांना झालंय काय, हे मला सांगता येईना, आणि मेळावा रविवारी.

बीदर, शुक्रवार

मार्ग अशोकरावांना सुचला. बीदरला जुन्या शहरात त्यांच्या ओळखीचे एक चाचा होते, कबुतरं उडवणारे. टेंपोनं त्यांच्या गल्लीत माल टाकताना झालेली ओळख. अशोकरावांचं म्हणणं सरळ होतं: पिसाचं दुखणं आहे, तर पिसात जन्म काढलेल्या माणसाला दाखवू. मला हे काही फारसं पटलं नाही. पण माझ्या बाटलीनं माझी जी शोभा केली होती, ती बघता मी टेंपोत जाऊन बसलो.

हुमनाबाद मागे पडलं की जमीन हळूहळू रंग बदलते. काळी संपते, तांबडी लागते, आणि बीदरचं पठार चढलं की रस्त्याकडेचे दगडसुद्धा जांभे. कोकणातल्या माणसाला इथे डोळे बांधून आणून सोडलं तर तो समुद्र शोधत हिंडेल. गावात शिरताना डोक्यावरून हवाई दलाची सरावाची विमानं कानठळ्या बसवत गेली आणि मी सोडून कुणीही वर बघितलं नाही. चहा चांगला होता, बिस्किट खारट-गोड होतं, ते चहात बुडवलं आणि बुडालं.

चाचांचं घर तीन मजली आणि जिना एक माणूस रुंद. गच्चीवर लाकडी खुराडी आणि पन्नासएक कबुतरं. चाचा सत्तरीचे, डोळ्यांवर माझ्या अंदाजानं चुकीच्या नंबरचा चष्मा. त्यांनी अक्काचा एक बाण घेतला, पिसावरून उलटं बोट फिरवलं, मग नाकाशी धरला.

"साबण," ते म्हणाले. "साबणबी आन् सोडाबी. कैकू धुतलं बेटी?"

अक्का म्हणाली, धुवायचं नाही तर काय. पिसं टर्कीच्या खुराड्यातून येतात, घाणीनं भरलेली. मग तिनं कसं धुते ते सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज अभिमानाचा होता. गरम पाण्यात धुण्याची पावडर आणि चिमूटभर सोडा, त्यात रात्रभर भिजत. सकाळी मऊ ब्रशनं एकेक पीस घासायचं. मग दोन पाण्यांतून काढून शेवटी नीळ. पौर्णिमेला विहारात जायची पांढरी लुगडी त्यांच्या घरात जशी धुतात, अगदी तशीच. ती निळसर झाक कशाची, ते मला तेव्हा समजलं. आदल्या दिवशी मी तिचीच वाहवा केली होती.

चाचांनी वाद घातला नाही. एक कबुतर धरलं, त्याचा पंख पंख्यासारखा उघडला आणि ओंजळभर पाणी वर टाकलं. पाण्याच्या गोळ्या झाल्या आणि घरंगळून खाली पडल्या. पंख कोरडा ठणठणीत. मग त्यांनी आपले तळवे आमच्यापुढे धरले. ते पांढरे झाले होते, खडू धरल्यासारखे. कबुतराच्या अंगातच एक प्रकारची बारीक पिसं असतात, त्यांचा भुगा होतो आणि कबुतर तो चोचीनं सगळ्या अंगावर पसरवतं. तोच त्याचा रेनकोट, असं त्यांनी समजावलं. टर्कीला तेल असतं, शेपटीच्या बुडाशी. साबणानं ते गेलं, ब्रशनं पिसाचे तंतू एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे मोडले, आणि साबण मागे राहिला तो पाण्याला वर हात करून बोलावतोय. त्यांच्या एका भाच्यानं एकदा उडवायच्या आधी कबुतर शाम्पूनं धुतलं होतं, चारचौघांत उठून दिसावं म्हणून. ढग आले, दोन थेंब पडले आणि ते कबुतर विटेसारखं खाली आलं. वाचलं, पण भाच्याशी त्यानं पुन्हा दोस्ती केली नाही म्हणे.

मला माझ्या बाटलीचं कोडं सुटलं. साबण राहिलेल्या पिसावर फवारा बसणार कसा? दोष बाटलीचा नव्हता आणि अक्काच्या हाताचा तर अजिबात नव्हता. मला इतका आनंद झाला की मी चाचांना त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून द्यायचं वचन देऊन बसलो.

उपाय त्यांनीच सांगितला. नवी पिसं आणा, पाणी दाखवू नका, आणि वर ही पावडर चोळा. मग त्यांनी मांडीवर काळा कागद पसरला, एकेक कबुतर धरून त्याची पाठ हलकेच उलटी-सुलटी कुरवाळली, आणि कागदावर पिठाहून बारीक असं काहीतरी पडत गेलं. तासाभरात पाचसहा चिमट्या जमल्या. एकाही कबुतरानं तक्रार केली नाही. उलट एकाचं झालं की दुसरं पुढे येत होतं. पैसे विचारले तर चाचा रागावले. म्हणाले, जनावरानं आपण होऊन दिलेलं आहे, त्याचं काय घ्यायचं.

टर्की पाळणारा औरादच्या वाटेवर होता. पांढऱ्या पिसांनी पिशवी भरून घेतली. पिसं पिवळट, बुडाला वाळलेली घाण चिकटलेली, आणि वासाबद्दल मी काही लिहीत नाही. मी आणि अशोकराव टेंपोत मोठमोठ्यानं बोलत होतो. मी तर रविवारचा निकालसुद्धा सांगून टाकला. अक्का खिडकीपाशी बसून होती ती हुमनाबाद येईपर्यंत बोलली नाही. मी विचारलं, कामून गप्प, म्हणून; त्यांचाच शब्द वापरून जरा लाडात.

"दादा, माझी आई विहिरीवर जायची, तवा तिला रहाटाला हात लावू द्यायचे न्हाईत," ती म्हणाली. "दुसऱ्या बायका वरून पाणी ओतायच्या तिच्या घागरीत. तवापासून आईचा नेम होता. आपली वस्तू अशी पायजे की कुणाला बोट ठेवायला जागा न्हाई. धुतल्याशिवाय आमच्या घरात चमचाबी वर चढत न्हाई. आन् तुम्ही म्हणायलाव, ही घाण पिसं लावून चार लोकांत उभी ऱ्हा."

मी खुराड्याचं आणि साबणाचं शास्त्र बोलत बसलो होतो आणि माझ्या शेजारी ही बाई हे घेऊन बसली होती. मला लाज वाटली. अशोकरावांनी गाडीचा वेग कमी केला, उगाचच.

राजेश्वर, शनिवार

सकाळी मी उठलो तो खमंग वासानं. मला वाटलं सुशला होतोय. हा त्यांच्याकडचा चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, मला भलताच आवडतो. पण अक्का चुलीवर तव्यात गव्हाचा कोंडा गरम करत होती. शेजारी परातीत ती पिसं.

तिच्या आईकडे एक घोंगडं होतं, ते पाण्यात घातलं की आटायचं. म्हणून आई ते गरम कोंड्यानं चोळून झटकायची. कोंडा मळ ओढून घेतो आणि लोकर तशीच राहते. रात्री पडल्या पडल्या अक्काला हे आठवलं. तिनं एक पीस मूठभर कोमट कोंड्यात धरलं, बुडापासून टोकाकडे ओढलं, पुन्हा ओढलं, मग फुंकून झटकलं. पीस पांढरं झालं. नीळ घातल्यासारखं नव्हे. दुधासारखं, थोडं पिवळसर. वाटीत बुडवून वर काढलं तर थेंब घरंगळले. ती माझ्याकडे बघून हसली. गुरुवारपासूनचं ते पहिलं हसू होतं.

मग दिवसभर काम चाललं. मला तिनं कोंड्याच्या कामाला लावलं. मी बुडाच्या घाणीला नखानं खरवडत होतो, ते बघून मला दोनदा परत करायला लावलं. अशोकरावांनी जुन्या दांड्यांवरची पिसं पात्यानं उतरवली. अक्कानं नवी चिरली, कापली, एका दांडीला तीन या हिशेबानं सरसानं चिकटवली, दोन टोकांना दोरा गुंडाळला आणि दोऱ्याला लाख दिली, म्हणजे ओलीनं सरस सुटायला नको. सहाच बाण झाले. संध्याकाळी सरस वाळल्यावर तिनं चाचांची पुडी सोडली आणि दोन बोटांनी पिसाच्या मुळापासून पावडर चोळली, लहान मुलाला आंघोळीनंतर लावतात तितक्या जपून. परसात तांब्याभर पाणी ओतून एक मारून बघितला. तो गेला आणि पोत्यात बसला. दुसरा मारायला तिनं नकार दिला. उद्यासाठी राहू द्या म्हणाली.

एक शिकलो, तेही इथे लिहून ठेवतो. भिजलेला बाण सोडण्याआधी ती तो उभा धरून दोन तळव्यांत रवीसारखा घुसळते. उरलंसुरलं पाणी चहूकडे उडतं आणि पिसं उभी राहतात. बाण पाठीवरच्या भात्यात न ठेवता कमरेला, शेपूट काखेखाली येईल असा अडकवते, म्हणजे चालताना पाऊस अंगावर, पिसांवर नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी मिरजेत लोकांना माझं म्हणून सांगायला सुरुवात केली आहे.

कडगंची, रविवार

आणि रविवारी ऊन पडलं.

साधंसुधं नाही. आठ दिवस तोंड न दाखवलेला सूर्य आळंद ओलांडेपर्यंत असा तापला की टेंपोच्या काचेतून डोळे उघडवेनात. वाटेत मी दर पाच मिनिटांनी पश्चिमेकडे बघत होतो. माणसं उन्हासाठी नवस बोलत असताना आम्ही तिघं एका ढगासाठी आशाळभूत झालो होतो. अक्का हिरव्या साडीचा काष्टा घालून, बाण कमरेला लावून ताठ बसली होती.

मैदान गावाबाहेर होतं. चाळीसएक माणसं, कानडी, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात. मेळाव्याचा सगळा कारभार शरणप्पांकडे. जुन्या शेतकरी घरातले, निवृत्त व्यायामशिक्षक, पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात वही आणि गळ्यात शिटी. माणूस वाईट नाही. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी अक्काला नमस्कार केला, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले की आज पाऊस नाही, तर ओल्याची परीक्षा कशी होणार. पुढच्या वर्षी बघू. तोवर पिसांचे बाण बंदच.

पुढच्या वर्षी म्हणजे नऊ जणींनी आणखी एक वर्ष विहारामागे पोती भोसकत बसायचं. त्यातल्या निम्म्या तोवर सोडून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझा पारा चढला. मी पुढे झालो आणि पिसं, तेल, साबण यांवर व्याख्यान सुरू केलं. माझं दुसरं वाक्य पुरं होण्याआधी अक्का म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बसा." मी बसलो.

हात धुवायला ठेवलेल्या पिंपापाशी एक बादली होती. तिनं ती भरली, उचलून मारायच्या रेषेवर आणून ठेवली आणि सहाही बाण शेपटाकडून बादलीत उभे केले. पिसं पूर्ण बुडाली.

"पाऊस न्हाई आला, मी आणलाय," ती शरणप्पांना म्हणाली. "किती वेळ बुडवू ते तुम्हीच सांगा, अप्पा."

शरणप्पांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं ठेवली त्यांनी. पावसात बाण इतका कधीच भिजत नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण मी बसवलेला होतो. अशोकराव माझ्या शेजारी टोपी पिळत होते. आदल्या दिवशी आम्ही एकच बाण मारून बघितलेला, आणि तोही तांब्याभर पाण्यावर. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. दुसरीही एक गोष्ट मनात आली: बाण चुकला तर ही बाई चारचौघांत, भर उन्हात, स्वतःच्या हातानं पाणी ओतून हरणार होती. ते बघायची माझी तयारी नव्हती.

शिटी झाली. तिनं पहिला बाण काढला, तळव्यांत घुसळला. पाण्याचं चक्र उडालं, उन्हात चमकलं. बाण लावला, ओढला, सोडला. तो सरळ गेला आणि गवताच्या लक्ष्यात, मधल्या वर्तुळाच्या जरा डावीकडे बसला. दुसरा त्याच्या खाली. तिसऱ्याचं शेपूट किंचित हललं, पण तो कडेच्या वर्तुळात का होईना बसला. चौथा मध्यात. पाचवा चौथ्याला खेटून, लाकडाला लाकूड घासल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

शरणप्पांनी हात वर केला. "बास, अक्का. पटलं."

"सहा भिजवलेत, अप्पा," ती म्हणाली. "सहाव्याला काय सांगू?"

तिनं तो बादलीतून काढला, घुसळला आणि मारला. मध्यात बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शरणप्पा लक्ष्याकडे गेले आणि बाण एकेक करून उपटून घेऊन आले. पिसांवरून बोट फिरवत होते. ती उभीच होती, कडांना थोडी ओल, बाकी कोरडी. कसली पिसं, त्यांनी विचारलं. अक्कानं लपवलं नाही. टर्कीच्या खुराड्यातली, न धुतलेली, कोंड्यानं पुसलेली, असं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आणि मग जे मला अपेक्षित नव्हतं ते विचारलं.

"स्वच्छ हायत का, ते बघा."

शरणप्पांना आधी कळलं नसावं. मग त्यांना कळलं, असं मला वाटतं. त्या वयाच्या, त्या घरातल्या माणसाला ते न कळणं शक्य नव्हतं. त्यांनी एक बाण उचलला आणि त्याचं ओलं पीस आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, दाबून ओढलं. बाही तिच्यापुढे धरली.

"डाग न्हाई, अक्का," ते म्हणाले. "तुम्हीच बघा."

तिनं बघितलं. मग ती रेषेवरच खाली बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली, घाम आला म्हणून. अशोकराव पाणी घेऊन धावले.

शरणप्पांनी वही उघडून गेल्या वर्षीची ओळ खोडली आणि खाली कानडीत काहीतरी लिहिलं. मला कानडी येत नाही, म्हणून काय लिहिलं ते विचारलं. त्यांनी वही अक्काकडे दिली, तिनं ती मांडीवर घेतली आणि मला मराठीत वाचून दाखवली: पिसांचे बाण, ओले असले तरी चालतील. मी मान डोलावली. मग तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली. दुसऱ्यांदा मी विचारलेलं नव्हतं.